मृगाच्या संत्र्यांचा पाउंड केक

फळाच्या चवीचा पाउंड केक घरी करायचा म्हटलं की पहिली अडचण पाण्याची. या केकमध्ये पाण्याला जागाच नसते. मैदा, लोणी, साखर आणि अंडी, चारही जिन्नस समान वजनाचे. मूळ कृतीत प्रत्येकी एक पाउंड, म्हणजे साधारण 454 ग्रॅम. त्यावरूनच नाव पडलं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हा केक करत तेव्हा बेकिंग पावडर अस्तित्वातच नव्हती. मिश्रण तासभर हाताने फेटायचं, त्यात जेवढी हवा धरून राहील तेवढ्यावरच केक फुगायचा. अशा तोलून-मापून केलेल्या पदार्थात वाटीभर संत्र्याचा रस ओतला की मधोमध ओला, चिकट पट्टा राहतो, आणि इतकं होऊनही संत्र्याचा वास जेमतेमच येतो. मला नागपुरात बसून जेमतेम वासाचा संत्रा केक करायचा नव्हता. यंदा मृगाची संत्री घरात आल्यावर तो जसा हवा तसा जमला, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे संत्र्याचे दोन बहार. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया, त्याची फळं दिवाळीच्या आगेमागे उतरायला लागतात. आणि पावसाच्या तोंडावर, जून-जुलैत फुलणारा मृग, त्याची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतात. मृगासाठी मे महिन्याच्या उन्हात झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो. पाऊस वेळेवर आला तर फूल धरतं, नाहीतर वर्ष गेलं. म्हणून मृगाचा माल दरवर्षी सारखा नसतो. पण जेव्हा असतो तेव्हा त्याला तोड नाही. फळ थंडीत पिकत असल्यामुळे सालीला रंग छान चढतो. आंबियाची संत्री मात्र पुष्कळदा हिरव्या सालीचीच बाजारात येतात. केकसाठी मला मृगाचीच संत्री हवी होती, आणि ती रसापेक्षा सालीसाठी हवी होती.

संत्र्याची ओळख पटते ती त्याच्या सालीतल्या तेलामुळे. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या. लहानपणी मेणबत्तीच्या ज्योतीजवळ साल दाबून ठिणग्या उडवलेल्या सगळ्यांना आठवत असतील. ते जळतं ते हेच तेल. रसात गोडी असते, आंबटपणा असतो, पण भट्टीच्या तासाभराच्या उष्णतेत त्याचा नाजूक वास टिकत नाही. सालीचं तेल मात्र लोण्यात विरघळतं आणि लोण्याच्या आधाराने बरंच टिकून राहतं. पाउंड केकमध्ये तर चौथा हिस्सा लोणीच असतं. तेव्हा संत्र्याला राहायला याहून चांगलं घर कुठलं?

काकांची काटोलकडे बाग आहे. त्यांना फोन करून मी सांगितलं की संत्री मेण न चढवलेली पाहिजेत, शेवटची फवारणी कधी झाली तेही सांगा, आणि साल घट्ट असलेली फळं निवडा. बाहेरगावी जाणाऱ्या मालाला टिकण्यासाठी मेणाचा पातळ थर देतात. खायला त्याने काही बिघडत नाही, कारण साल आपण टाकूनच देतो. मला तर सालच केकमध्ये घालायची होती. काका स्वतः क्रेट घेऊन आले आणि दारातच विचारलं, “कायले पाहिजे व पोरी सालटं? लोकं त फेकून देतात.” आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सालं वाळवून उटण्यात घालतात, त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही. काकांना मी म्हटलं, केक झाल्यावर सांगते.

नागपुरी संत्र्याचं साल किसणं हे या सगळ्यातलं सर्वांत नाजूक काम. लिंबाचं किंवा मोसंबीचं साल फळाला घट्ट धरून असतं, त्यावर किसणी सहज चालते. संत्र्याचं साल सैल असतं, आणि फळ झाडावर जास्त दिवस राहिलं तर ते फुगून आतून पोकळ होतं. असं फळ किसायला घेतलं की साल दबतं आणि किसणी खालच्या पांढऱ्या भागात शिरते. तो पांढरा भाग कडू. म्हणून साल घट्ट असलेली फळं मागितली होती. सहा संत्री कोमट पाण्यात चोळून धुतली, कोरडी पुसली, तासभर फ्रिजमध्ये ठेवून कडक केली. जायफळाची बारीक किसणी घेतली, किसणी स्थिर धरून फळ तिच्यावरून हलक्या हाताने फिरवलं. एका जागी एकदाच. केशरी रंग गेला की फळ पुढे सरकवायचं. कीस दोन मोठे चमचे निघाला आणि स्वयंपाकघरात संत्र्याचा घमघमाट सुटला.

हा कीस नुसता मिश्रणात टाकायचा नाही. 225 ग्रॅम साखर घेतली (चारही जिन्नस 225 ग्रॅम धरले की नऊ बाय पाच इंचाच्या लांबट भांड्यात केक बरोबर बसतो). आपल्याकडच्या साखरेचा दाणा जाड असतो, म्हणून ती मिक्सरला अगदी क्षणभर फिरवली. पिठीसाखर होऊ द्यायची नाही, दाणा बोटांना लागला पाहिजे. त्याचं कारण लोण्याच्या वेळी सांगते. या साखरेत कीस घालून बोटांच्या टोकांनी चोळत राहिले. साखरेच्या कडांनी तेलाच्या पिशव्या फुटतात, साखर हळूहळू ओलसर होते, फिकट केशरी दिसायला लागते. मग झाकून अर्धा तास ठेवली. या चोळण्यात जो वेळ जातो तो केक खाताना कळतो. साखरेत न चोळता घातलेला कीस दाताखाली येतो तेवढ्यापुरता लागतो. चोळलेल्या साखरेच्या केकमध्ये वास घासाघासाला असतो.

आता रसाविषयी. साहजिक मनात येतं की रस आटवावा, पाणी उडून जाईल आणि चव घट्ट होईल. नागपुरी संत्र्याच्या बाबतीत हे करू नये. या संत्र्याचा रस काढून ठेवला किंवा तापवला की तो कडवट होतो. बिया आणि फोडींची पांढरी आवरणं यांत एक घटक असतो. त्याला स्वतःला चव नसते, पण रसातल्या आम्लाशी संबंध आला की त्याचं कडू लिमोनिन बनतं, आणि उष्णतेने ते लवकर बनतं. म्हणूनच ताजी फोड गोड लागते आणि तोच रस काही तासांनी जिभेच्या मागच्या बाजूला कडू लागतो. नागपुरी संत्र्याचा रस बाटलीबंद करणाऱ्यांपुढची ही जुनी अडचण आहे. आमच्याच गावात, अमरावती रोडला, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे आणि संत्र्याच्या अशा प्रश्नांवर तिथे वर्षानुवर्षं काम चाललेलं आहे. घरच्यासाठी त्यातून एवढंच घ्यायचं की संत्रं मिक्सरमध्ये घालू नये, कारण बिया आणि आवरणं चिरडली जातात. आडवं कापून हाताने हलकं पिळावं, लगेच गाळावं, लगेच वापरावं. मिश्रणात मी फक्त दोन मोठे चमचे रस घातला. बाकीच्याचा उपयोग केक भाजून झाल्यावर केला.

लोण्यावरून घरात चर्चा झाली. आई सायीचं लोणी काढतात, पांढरंशुभ्र, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं, “घरचं एवढं लोणी असताना विकतचं कशाला आणायचं?” मी त्यांना पाण्याचा मुद्दा सांगितला. विकतच्या बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश असावा आणि पाणी 16 टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असा नियम आहे. घरच्या लोण्यात ताकाचं पाणी किती राहिलं हे सांगता येत नाही. आईंनी लोणी बर्फाच्या पाण्यात धुतलं, पुन्हा पुन्हा दाबलं, तरी पाणी सुटत राहिलं. तेव्हा केकमध्ये बिनमिठाचं विकतचं बटर घालायचं ठरलं आणि घरच्या लोण्यातलं थोडं बाजूला ठेवलं. त्याचं काम नंतर निघालं.

बटर किती मऊ असावं यावर हा केक होतो किंवा बसतो. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बटर चकाकू नये. साधारण 19-20 अंश सेल्सिअस. नागपुरात एप्रिल-मेमध्ये हे जमवणं फार कठीण, पारा 45च्या घरात गेला की ओट्यावर ठेवलेल्या बटरचं तेल होतं. पण मृगाची संत्री येतात तेव्हा सकाळी अजून गारवा असतो. ऋतूने इथे फार मोठी मदत केली. सकाळी सातला बटर बाहेर काढलं आणि आठच्या सुमारास ते हवं तसं झालं.

मग फेटणं. आधी नुसतं बटर मिनिटभर, नंतर संत्र्याची साखर थोडी थोडी करून. साखरेचे टोकदार दाणे बटरमधून फिरताना त्यात हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या पाडतात. पिठीसाखर हे काम करू शकत नाही, म्हणून दाणा राखायचा. बेकिंग पावडर नवीन बुडबुडे तयार करत नाही, आहेत तेच फुगवते. त्यामुळे इथे कंटाळा केला तर पुढे कशानेच ती भरपाई होत नाही. हातातल्या इलेक्ट्रिक बीटरवर मध्यम वेगाने सात-आठ मिनिटं लागली. पिवळं बटर फिकट होत होत जवळजवळ पांढरं झालं आणि भांड्यात वाढलेलं दिसायला लागलं. मध्येमध्ये भांड्याच्या कडा उलथन्याने खाली आणायच्या, नाहीतर कडेचं बटर तसंच राहतं.

अंडी मोजून नाही, तोलून घ्यायची. आपल्या बाजारातली अंडी लहान-मोठी असतात. पाच अंडी फोडून काटेचमच्याने मोडली आणि त्यातलं 225 ग्रॅम घेतलं. ती आदल्या रात्रीच फ्रिजबाहेर काढून ठेवली होती, कारण गार अंडं पडलं की बटर आकसतं आणि मिश्रण फाटतं. बटरमधल्या स्निग्धांशात अंड्यातलं पाणी मुरवायचं आहे, आणि ती दोन्ही सहजासहजी एकत्र येत नाहीत. अंड्याच्या पिवळ्यातला लेसिथिन त्यांना बांधून ठेवतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. म्हणून एका वेळी एक चमचा अंडं, ते पूर्ण मिसळलं की पुढचा. शेवटच्या एक-दोन चमच्यांना मिश्रण थोडं दाणेदार दिसायला लागलं, तेव्हा चमचाभर मैदा टाकला आणि ते पुन्हा एकजीव झालं.

मैदा 195 ग्रॅम आणि 30 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, हे सगळं दोनदा चाळून. कॉर्नफ्लोअरमुळे ग्लुटेन, म्हणजे मैद्याला चिवटपणा आणणारं प्रथिन, कमी होतं आणि केकचा पोत मऊ राहतो. बेकिंग पावडरबद्दल लोकांचे दोन पक्ष आहेत. जुन्या पद्धतीचा आग्रह धरणारे ती घालत नाहीत, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण घरच्या बीटरवर अर्धा चमचा घालावाच असं माझं मत आहे. एक पूर्ण चमचा मात्र नको, तेवढ्याने पोत स्पंज केकसारखा भुसभुशीत होतो आणि मग तो पाउंड केक राहत नाही. मैदा तीन वेळा करून घातला, मधल्या वेळी ते दोन चमचे रस. बीटर बंद, फक्त उलथनं, तळातून वर घडी घालत. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबायचं.

भांड्याला बटर पेपर लावला, मिश्रण ओतलं, वरून सारखं केलं. आता आईंच्या लोण्याचं काम. सुरीचं पातं मऊ लोण्यात बुडवून मिश्रणावर लांबीच्या बाजूने मधोमध एक रेघ ओढली. पाउंड केक वरून फुटतोच. कडा आणि वरचा पापुद्रा आधी धरतो, आतलं मिश्रण नंतर वर येतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट हवीच असते. लोण्याच्या रेघेवर पापुद्रा उशिरा धरतो म्हणून केक बरोबर तिथेच, सरळ फुटतो. हे बघायला आई ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

ओव्हन वीस मिनिटं आधी लावून ठेवला होता, 160 अंशांवर, वरच्या-खालच्या दोन्ही दांड्या चालू, पंखा बंद. घरगुती ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नये. साधा ओव्हन थर्मामीटर आत टांगून ठेवला की खरं तापमान कळतं, आणि एवढ्या जाड केकला दहा-पंधरा अंशांचा फरकही जाणवतो. भांडं मधल्या जाळीवर नाही तर एक घर खाली ठेवलं. पहिली चाळीस मिनिटं दार उघडायचं नाही. आधी वास येतो तो भाजलेल्या लोण्याचा. संत्रं बऱ्याच उशिराने, अर्ध्या तासानंतर येतं, आणि आलं की घरभर होतं. पन्नासाव्या मिनिटाला वरून रंग पुरेसा आला, तेव्हा सैलसर फॉइल टाकलं. सत्तर मिनिटांनी मधोमध खुपसलेली विणायची सुई कोरडी, एखाद-दुसरा कण चिकटलेली बाहेर आली. रेघ सुतात फुटली होती.

ओव्हन नसेल तर कुकरमध्ये, तळाशी मीठ पसरून, शिटी आणि रिंग काढून हा केक होतो, पण वरून आच नसल्याने तो तपकिरी कडक पापुद्रा येत नाही. वेळही बराच लागतो. माझ्या मते कुकरसाठी हलका केक बरा.

उरलेल्या रसाचं आता. साठ मिलिलिटर ताजा गाळलेला रस, साठ ग्रॅम साखर, एक लहान चमचा लिंबाचा रस. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच कोमट केलं, उकळू दिलं नाही, कारण वर सांगितलेला कडवटपणा. लिंबू हवंच. मृगाचं संत्रं गोड असतं, आणि नुसती गोडी गोड केकमध्ये बुडून जाते. लिंबाचा आंबटपणा लागला की संत्रं पुढे येतं. केक दहा मिनिटांनी भांड्यातून काढला, कोमट असतानाच सुईने वरून आणि बाजूंनी टोचला, आणि पाक ब्रशने थोडा थोडा पाजला. मिश्रणात ज्या रसाला जागा नव्हती त्याला इथे जागा मिळते, कारण आता केकचा सांगाडा तयार आहे, तो ओल धरू शकतो. मग पूर्ण गार झाल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात.

आणि लगेच कापायचा नाही. गरम पाउंड केक मऊ असतो पण चुरा होतो, आणि चव विस्कळीत लागते. रात्रभरात लोणी घट्ट बसतं, पाक आतपर्यंत जातो, सालीचा वास सगळीकडे पसरतो. आमच्याकडे सोमवारी आणि गुरुवारी अंडं चालत नाही, तेव्हा मंगळवारी भाजला आणि बुधवारी कापला.

कापताना सुरी सरळ खाली गेली, चुरा पडला नाही. आतून रंग फिकट पिवळा, मध्ये केशरी कण. पोत घट्ट पण जड नाही, आणि कुठेही ओला पट्टा नाही. पहिल्या घासाला लोणी, नंतर संत्रं, आणि शेवटी सालीची किंचित कडसर झाक. ही झाक रसाच्या कडवटपणापेक्षा वेगळी. संत्रा बर्फीत ती सहसा नसते, मला ती फार आवडते. काकांना तुकडा पाठवला होता. त्यांचा फोन आला, “रस जास्त टाकला वाटते?” मी सांगितलं, मिश्रणात दोन चमचे, बाकी सगळी सालटं. पुढच्या खेपेला मेण न चढवलेली फळं ते न सांगता वेगळी ठेवणार आहेत.

बिनअंड्याचा होईल का, हे मला दोघी-तिघींनी विचारलं. दही आणि कंडेन्स्ड मिल्क घालून संत्र्याचा छान केक होतो, साखरेत कीस चोळण्याची युक्ती तिथेही उपयोगी पडते. पण त्याचा पोत निराळा, आणि चार समान वजनांचा हिशेब त्याला लागू होत नाही. बाकी फळांपैकी लिंबू आणि मोसंबी याच पद्धतीने करावीत, दोन्हींचं साल किसायला संत्र्याहून सोपं. आंब्याचा वास सालीत नाही, गरात आहे, म्हणून तिथे आमरस मंद आचेवर घट्ट गोळा होईपर्यंत आटवून मगच घालावा. हापूसचा रस आटवल्यावर कडू होत नाही. स्ट्रॉबेरीत पाणी फार, ती या केकमध्ये मी घालणार नाही, सोबत ताजी खाईन.

केक घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर तीन दिवस उत्तम राहतो, उन्हाळा लागला असेल तर फ्रिजमध्ये ठेवून खाण्याआधी तासभर बाहेर काढावा. उरलेले तुकडे तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस करून चहाबरोबर द्यावेत. साल किसलेली संत्री मात्र त्याच दिवशी खाऊन संपवा. वरचं आवरण गेल्यावर ती लवकर सुकतात.